स्वप्नाची साक्ष

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ‘स्पेलबाउंड’ हा चित्रपट दाखविल्यानंतर झालेले भाषण)



चित्रपट संपून दिवे लागले, की प्रेक्षकाला चहाची आठवण होते. नेमक्या त्याच क्षणी व्याख्यात्याला उभे करण्याचे धाडस आपल्या कार्यवाहांनी केले आहे. मागच्या खोलीतून बटाटेवड्यांचा वास येऊ लागला आहे, हेही आम्हांस कळते. तेव्हा प्रास्ताविकात वेळ न दवडता विषयालाच हात घालतो.

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असेल. सिग्मंड फ्रॉइडचा स्वप्नांच्या अर्थाविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरात छापून बाहेर पडला, आणि प्रकाशकाने त्यावर १९०० हे साल घातले. आमच्या आज्यांना हे सारे त्याआधीच ठाऊक होते, असे म्हणून छाती फुगविण्याचा मोह आपणांस होतो. तो आवरला पाहिजे. कारण म्हण सांगते, की मनात असते ते स्वप्नात दिसते. फ्रॉइड सांगतो, की लहान मुलांची गोष्ट सोडली तर, मनात असते ते स्वप्नात सहसा सरळ दिसत नाही. ते सोंग घेऊन येते. एका माणसाच्या अंगावर दुसऱ्याचा अंगरखा असतो, तिसऱ्याचा आवाज असतो. मोठी गोष्ट कोपऱ्यात उभी असते आणि क्षुल्लक गोष्ट मध्यभागी नाचत असते. जागेपणी जे आपण स्वतःपाशीही कबूल करीत नाही, त्याला पहारेकऱ्याची नजर चुकवून यावयाचे असते, म्हणून हे सोंग.

हे वेषांतर रहस्यपटाच्या फार पथ्यावर पडले. गुप्तपोलिसाच्या कथेला नेहमी एखादी खूण लागते: सिगारेटचे थोटूक, बुटाचा ठसा, फाटलेली पावती. वापरून वापरून या खुणा गुळगुळीत झाल्या होत्या. अशा वेळी मनोविश्लेषणाने कथाकारांच्या हाती एक कोरी करकरीत खूण दिली. ज्याने खून पाहिला तो सर्व विसरून गेला आहे. पण त्याला एक स्वप्न पडते, आणि त्या स्वप्नात खुन्याचे नावगाव उलटसुलट अक्षरांत लिहिलेले आहे. अक्षरे जुळवा, खुनी सापडेल. आपण आताच पाहिलेला आल्फ्रेड हिचकॉकचा १९४५ सालचा ‘स्पेलबाउंड’ हा या जातीचा मूळपुरुष नसेल. पण इतका ठसठशीत नमुना दुसरा दाखविणे कठीण.

चित्रपटाचा आणि मनोविश्लेषणाचा घरोबा त्याच्याही आधीचा. फ्रॉइडला स्वतःला मात्र तो कधी मानवला नाही. १९२५ च्या सुमारास हॉलिवुडचा निर्माता सॅम्युएल गोल्डविन याने इतिहासातील थोर प्रेमकथांवरील चित्रपटासाठी त्याला एक लाख डॉलर देऊ केले. फ्रॉइडने त्याची भेटही घेतली नाही. १९२६ साली जर्मनीत पाब्स्ट या दिग्दर्शकाने ‘एका आत्म्याची गुपिते’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. फ्रॉइडचे दोन निकटचे शिष्य, कार्ल आब्राहाम आणि हान्स झाक्स, त्याला सल्ला देत होते. गुरू मात्र चार हात दूरच राहिले. मनातले अमूर्त व्यापार पडद्यावर नीट उतरतील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. ‘स्पेलबाउंड’चा निर्माता डेव्हिड सेल्झनिक याला असला संकोच शिवला नाही. तो स्वतः मनोविश्लेषणाचे उपचार घेत होता, आणि ज्या डॉक्टरीणबाई त्याच्यावर उपचार करीत होत्या त्या मे रॉम यांनाच त्याने चित्रपटाच्या सल्लागार म्हणून घेऊन नामावलीत त्यांचे नाव झळकविले. कथा १९२७ सालच्या ‘द हाउस ऑफ डॉक्टर एडवर्ड्स’ या कादंबरीवरून घेतली होती. बेन हेक्टच्या पटकथेत त्या कादंबरीतले फारसे काही उरले नाही.

उशिरा आलेल्यांसाठी, आणि पुढे हे भाषण स्मरणिकेत वाचतील त्यांच्यासाठी, कथानक थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील व्हरमॉंट राज्यात ग्रीन मॅनर्स नावाचे मनोरुग्णालय आहे. तेथील प्रमुख डॉक्टर मर्चिसन आता पायउतार होणार आहेत, आणि त्यांच्या जागी डॉक्टर एडवर्ड्स हे नामांकित गृहस्थ यावयाचे आहेत. येतो तो एक देखणा तरुण, ग्रेगरी पेक. रुग्णालयात कॉन्स्टन्स पीटरसन या तरुण डॉक्टर आहेत. ही भूमिका इन्ग्रिड बर्गमनची. जेवणाच्या वेळी ती पांढऱ्या टेबलक्लॉथवर काट्याने सहज रेघा ओढते, आणि त्या समांतर रेघा पाहून तरुणाच्या अंगाला कापरे भरते. लवकरच उलगडा होतो, की हा एडवर्ड्स नव्हेच. आपण कोण हे त्याला आठवत नाही. मात्र खरा एडवर्ड्स मेला आहे आणि आपणच त्याला मारले, याची त्याला पक्की खात्री आहे. पोलीस मागे लागतात. कॉन्स्टन्स त्याला घेऊन आपले वृद्ध गुरू डॉक्टर ब्रुलॉव्ह यांच्या घरी जाते, आणि तेथे तो आपले स्वप्न सांगतो. ब्रुलॉव्हची भूमिका करणारे मायकेल चेकॉव्ह हे प्रसिद्ध रशियन लेखक अन्तोन चेकॉव्ह यांचे पुतणे, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.

आता ते स्वप्न. एक जुगाराचा अड्डा आहे. त्याला भिंती नाहीत, मोठमोठे पडदे आहेत, आणि पडद्यांवर डोळेच डोळे रंगविलेले आहेत. एक माणूस भली मोठी कात्री घेऊन ते पडदे अर्ध्यातून कापीत चालला आहे. एक दाढीवाला गृहस्थ स्वप्न पाहणाऱ्याशी पत्ते खेळतो. किलवरची सत्ती पडते, ‘एकवीस’ झाले म्हणून तो डाव जिंकल्याचे सांगतो, पण त्याचे पत्ते उलटून पाहावे तो कोरे. तेवढ्यात अड्ड्याचा मालक येतो. त्याला चेहराच नाही. तो दाढीवाल्याला लबाडीबद्दल दरडावतो. ही जागा माझी आहे, असे बजावतो. मग दाढीवाला एका उंच इमारतीच्या उतरत्या छपरावरून खाली कोसळतो. धुराड्यामागे तो बिनचेहऱ्याचा मालक लपलेला असतो. त्याच्या हातात एक लहानसे चाक असते, आणि ते तो टाकून देतो. शेवटी स्वप्न पाहणारा एका टेकडीवरून धावत सुटतो, आणि दोन प्रचंड पंखांची सावली त्याच्या पाठीशी लागते.

गुरुशिष्यांनी लावलेला अर्थ आपण ऐकलाच. पडद्यांवरचे डोळे म्हणजे रुग्णालयाचे पहारेकरी. उतरते छप्पर म्हणजे बर्फाचा डोंगर. समांतर रेघा म्हणजे त्यावरून घसरत जाणाऱ्याच्या पायांतील फळ्यांनी उमटलेल्या खुणा. पंख म्हणजे देवदूत, देवदूत म्हणजे गेब्रिएल, आणि गेब्रिएल व्हॅली नावाचे बर्फावर घसरण्याचे एक ठिकाण आहे. एकवीस म्हणजे न्यूयॉर्कमधील ‘ट्वेंटी-वन क्लब’. चाक म्हणजे गोळ्यांचे फिरते चक्र असलेले पिस्तूल. बिनचेहऱ्याचा मालक कोण, ते कळावयास चित्रपट संपत यावा लागतो.

हा अर्थ ऐकताना आम्हांस दर वेळी थोडे हसू येते. रविवारच्या वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवावे तसे दोघे विद्वान भराभर रकाने भरीत जातात. फ्रॉइडनेही स्वप्नाला चित्रकोड्याची उपमा दिली होती, हे खरे. पण ते कोडे सोडविण्याची किल्ली स्वप्न पाहणाऱ्याच्याच हाती असते, त्याला त्या त्या प्रतिमेवरून काय काय आठवते हे धीराने ऐकल्यावाचून कुलूप उघडत नाही, हे त्याचे म्हणणे होते. ‘दात पडला म्हणजे कोणी जाणार’ अशा थाटाचे कोष्टक त्याला पुरेसे वाटत नव्हते. शिवाय त्याच्या मते स्वप्न इच्छेच्या पोटी जन्मते. येथे इच्छेचा पत्ताच नाही. येथले स्वप्न म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराची जबानी; फक्त ती सांकेतिक लिपीत दिलेली आहे. हिचकॉकलाही हे ठाऊक होते. फ्रान्स्वा त्रुफोशी १९६२ साली झालेल्या त्याच्या प्रदीर्घ मुलाखतीत त्याने या चित्रपटाची संभावना, मनोविश्लेषणाच्या कागदात गुंडाळलेली एक पाठलागाची गोष्ट, अशीच केली आहे.

मग हा चित्रपट आम्ही आपणांपुढे का ठेवला? दोन कारणे आहेत. पहिले लहान आहे आणि डोळ्यांना दिसते. दुसऱ्याकडे थोड्या वेळाने येऊ.

पहिले कारण साल्व्हादोर दाली. त्या काळापर्यंत पडद्यावर स्वप्न म्हटले, की धुके, अंधुक कडा, थरथरणारी आकृती हे ठरलेले. हिचकॉकला हे मान्य नव्हते. स्वप्न पडत असते तेव्हा ते आपल्याला अंधुक वाटत नाही. उलट जागेपणीपेक्षाही त्याला धार असते. अंधुक होते ती सकाळी उरलेली त्याची आठवण. म्हणून त्याने लांबच लांब सावल्या, काटेकोर रेषा आणि अथांग अंतरे रंगविणाऱ्या दालीची मागणी केली. सेल्झनिकला वाटले, की हे सारे जाहिरातीसाठी चालले आहे. दाली १९३८ साली लंडनमध्ये फ्रॉइडला प्रत्यक्ष भेटून आलेला होता. त्याच्याही आधी, १९२९ साली, लुई बुन्युएलबरोबर काढलेल्या एका लघुपटात वस्तऱ्याने डोळा कापण्याचे भयंकर दृश्य त्याने दाखविले होते; ‘स्पेलबाउंड’मधील कात्री आणि चिरले जाणारे डोळे ही त्याच वस्तऱ्याची सभ्य नात म्हणावयास हरकत नाही. दालीने कल्पिलेल्यापैकी बराच भाग शेवटी गाळला गेला. बर्गमनचा पुतळा होतो असा एक प्रसंग चित्रित झाला होता, तोही गेला. जे राहिले ते अडीच-तीन मिनिटांचे आहे. पण चित्रपटाचे नाव विसरलेल्या माणसालाही ते डोळे आठवतात.

चित्रकाराच्या मदतीने स्वप्नाचा छडा लावण्याची ही युक्ती आपल्याला मात्र नवी नाही. बाणासुराची कन्या उषा हिने स्वप्नात एक तरुण पाहिला आणि ती झुरू लागली. तिची सखी चित्रलेखा हिने देव, गंधर्व, राजे यांची चित्रे एकामागून एक काढली. अनिरुद्धाचे चित्र येताच उषेने मान खाली घातली, आणि पत्ता लागला. बाणासुराची ती नगरी म्हणजे आसामातील आजचे तेजपूर, असे तेथील लोक मानतात. आपल्यापैकी जे नोकरीनिमित्त तिकडे राहून आले आहेत त्यांनी अग्निगडाची टेकडी पाहिली असेल. चित्रलेखा ही आम्हांस ब्रुलॉव्हपेक्षा चांगली विश्लेषक वाटते. ती अर्थ सांगत नाही. ती चित्रे पुढे ठेवते आणि मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे पाहात राहते.

आता दुसरे कारण. हा चित्रपट वरवर खुन्याच्या शोधाचा आहे, पण आमच्या मते त्याचा गाभा वेगळा आहे. त्यात एक निरपराध माणूस जिवाच्या आकांताने सांगतो आहे, की मी खून केला. सामान्य रहस्यकथेत गुन्हेगार निरपराध असल्याचे ढोंग करतो आणि गुप्तपोलीस ते फोडतो. येथे निरपराध माणूस गुन्हेगार असल्याचे मानून बसला आहे, आणि डॉक्टरला ते फोडावयाचे आहे. पहिल्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड, कारण ढोंगी माणूस मनातून सत्य जाणत असतो. याला ते ठाऊकच नाही.

गेब्रिएल व्हॅलीत बर्फावरून वेगाने खाली येताना, दरीच्या काठावर, त्याला एकदम आठवते. एडवर्ड्सचे मरण आठवते त्याआधी त्याला फार जुने काही आठवते. तो लहान होता. घराच्या पायऱ्यांच्या उतरत्या कठड्यावरून तो घसरत खाली आला. खाली त्याचा धाकटा भाऊ बसला होता. थांबता आले नाही. पायांचा धक्का लागला आणि भाऊ कुंपणाच्या लोखंडी भाल्यांवर पडला. अपघात होता. पण लहान मुलाच्या मनाच्या न्यायालयात अपघात असा शब्द नसतो. तेथे जे घडले ते कोणी तरी केलेले असते, आणि तो कोणी तरी मीच असतो. पुढे तो मोठा झाला, डॉक्टर झाला, युद्धात जाऊन आला. आणि उताराच्या टोकाशी आणखी एक माणूस डोळ्यांदेखत मेला तेव्हा जुना निकाल जसाच्या तसा या नव्या मृत्यूवर लागू झाला. इतकेच नव्हे, तर ज्याला आपण मारले असे वाटते, त्याचेच नाव धारण करून तो त्याच्या खुर्चीत जाऊन बसला. तो मेलाच नाही, हा पाहा मी तो!

या शेवटच्या गोष्टीवर कोलकात्याच्या डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी फार प्रकाश पाडला असता, असे आम्हांस वाटते. मनोविश्लेषणाच्या संदर्भात व्हिएन्ना, लंडन, न्यूयॉर्क ही नावे घेताना आपण या गृहस्थांना विसरतो. त्यांनी १९२२ साली कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, फ्रॉइडशी अनेक वर्षे पत्रव्यवहार ठेवला, आणि गुरू मानूनही आपले मत सोडले नाही. त्यांचे म्हणणे असे, की मनात इच्छा एकटी येत नाही. तिची उलटी जोडीदारीण तिच्यासोबत असते. मारण्याच्या इच्छेच्या पाठीशी मार खाण्याची इच्छा दडलेली असते. कर्ता आतल्या आत कर्माच्या जागी उभा राहू पाहतो. फ्रॉइडला हे पुरते पटले नाही. पण मृताचे नाव लावून फिरणारा हा तरुण पाहिला, की बोसबाबूंची आठवण होते. गमतीची गोष्ट अशी, की फ्रॉइडला कधीही न पाहिलेल्या एका बंगाली चित्रकाराकडून बोसांनी त्याचे काल्पनिक चित्र काढवून घेऊन ते व्हिएन्नाला पाठविले होते. चित्रलेखेची परंपरा बंगालातही होती, म्हणावयाची!

न केलेल्या कृत्याची जबाबदारी उचलणारा दुसरा एक पुरुष आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. राजा हरिश्चंद्राने स्वप्नात विश्वामित्राला राज्य दिले, आणि सकाळी ऋषी दारात उभे राहताच ते खरोखर देऊन टाकले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. (दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या आपल्या चित्रपटात स्वप्नाऐवजी ऋषींच्या अनुष्ठानात विघ्न आल्याचा प्रसंग घेतला आहे, पण लोकांच्या मनात बसली आहे ती स्वप्नाचीच कथा.) जागेपणी ज्याची साक्ष देणारा कोणी नाही, ते दान त्याने पाळले. मग हरिश्चंद्र आणि हा बॅलन्टाइन, हे या तरुणाचे खरे नाव, यांच्यात भेद कोणता? दोघेही झोपेतल्या किंवा अर्धवट जाणिवेतल्या गोष्टीचे ऋण जागेपणी फेडू पाहतात. आम्हांस दिसतो तो भेद असा: हरिश्चंद्राला आपण काय देत आहोत हे पूर्ण ठाऊक आहे. त्याने ते स्वप्न नीट पाहिले, आठवले आणि डोळे उघडे ठेवून स्वीकारले. बॅलन्टाइनला आपण कशाचे प्रायश्चित्त घेत आहोत हेच ठाऊक नाही. ज्या कर्जाची खतावणी पाहावयास मिळत नाही, त्याचे हप्ते तो भरीत राहिला आहे. पहिल्याला आपण सत्त्व म्हणतो. दुसऱ्याला आजार म्हणावे लागते, आणि त्यावर उपचार एकच, ती वही उघडणे.

बंधुभगिनींनो, हा विषय परदेशी चित्रपटाचा असला, तरी या सभागृहात तो आम्हांस परका वाटत नाही. आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली. पहिल्या पिढीतील मंडळी येथे आली, ती दोन-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून. त्या काळात घरी कोणी अत्यवस्थ झाले, तर तार येई. तार हाती पडून, रजा मंजूर होऊन, तिकीट मिळून माणूस पोहोचेपर्यंत बहुधा दहावा झालेला असे. ती तारसेवाही २०१३ साली बंद झाली. आता क्षणात दूरध्वनी येतो, विमान आहे. तरीही पोहोचता येत नाही असे प्रसंग येतातच, आणि महामारीच्या २०२० आणि २०२१ या वर्षांत ते किती घरांत आले हे सांगावयास नको. अशा प्रसंगी माणूस स्वतःला काय म्हणतो? ‘मी तिथे असतो तर.’ हे वाक्य तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. तो तिथे असता तरी हृदयविकाराचा झटका टळला नसता. पण मनाला हे पटत नाही. ते कठड्यावरून घसरणाऱ्या त्या मुलाप्रमाणे निकाल देऊन मोकळे होते: मी नव्हतो, म्हणजे मीच केले.

आणि मग जुने घर स्वप्नात येते. ओटी, माजघर, परसातली विहीर. दार उघडे असते पण आत जाता येत नाही. किंवा आई समोर बसलेली असते आणि आपल्याशी बोलत नाही. या मंडळातील वडीलधाऱ्यांशी गप्पा मारताना अशा तऱ्हेची स्वप्ने आम्ही इतक्यांदा ऐकली आहेत, की ती एकट्यादुकट्याची मानता येत नाहीत. त्यांतून कोणत्याही खुन्याचा पत्ता लागत नाही, कारण खूनच झालेला नाही. ब्रुलॉव्ह डॉक्टर तेथे काही कामाचे नाहीत. उपयोगी पडते ते एवढेच, की ते स्वप्न कोणाला तरी सांगता यावे, आणि ज्या भाषेत ते घर होते त्याच भाषेत सांगता यावे. ‘माजघर’ या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे याची खटपट करीत बसले, तर त्या घरात शिरणे राहूनच जाते. येथे जन्मलेल्या मुलानातवंडांची स्वप्ने कोणत्या भाषेत पडतात, हे आम्ही त्यांना विचारले आहे. ती हसतात आणि विषय बदलतात.

शास्त्राच्या बाजूनेही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे, नाही तर समोर बसलेले डॉक्टर आम्हांस सोडणार नाहीत. ‘स्पेलबाउंड’ निघाला तेव्हा झोपेविषयीचे ज्ञान बेताचेच होते. १९५३ साली शिकागो येथे ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखविले, की झोपेच्या ठरावीक टप्प्यांत मिटल्या पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात, आणि त्या वेळी उठविलेले लोक बहुधा स्वप्न सांगतात. १९७७ साली हॉब्सन आणि मॅकार्ली यांनी त्यापुढे जाऊन मांडले, की मेंदूच्या देठातून उठणाऱ्या संदेशांना मेंदू जमेल तसा अर्थ देतो, तेच स्वप्न. त्यात लपविलेले असे काही नसते. तेही अखेरचे मत ठरले नाही. पण चित्रपटातल्या एका समजुतीला मात्र चांगलाच धक्का बसला आहे. विसरलेली आठवण मनाच्या तळघरात पेटीत ठेवल्यासारखी अखंड पडून असते आणि योग्य किल्ली लावताच जशीच्या तशी बाहेर येते, असे चित्रपट मानतो. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ पासून केलेल्या प्रयोगांनी दाखविले, की प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला यावरसुद्धा आठवण बदलते. मोटारी एकमेकींना ‘लागल्या’ की एकमेकींवर ‘आदळल्या’, एवढ्या फरकाने पाहणाऱ्याने सांगितलेला वेग वाढतो. पुढे तर न घडलेली घटनाही काही जणांना आठवू लागते, असे त्यांना आढळले. म्हणजे स्वप्न किंवा सापडलेली आठवण हा न्यायालयात उभा करण्याजोगा साक्षीदार नव्हे. चित्रपटाच्या कथानकाचा पाया यामुळे खिळखिळा होतो. पण न केलेल्या अपराधाची कबुली माणसाचे मन किती सहजतेने देते, हे जे चित्रपटाने पाहिले, त्याला या प्रयोगांनी उलट बळकटीच दिली आहे.

हिचकॉक या विषयाकडे १९५८ साली ‘व्हर्टिगो’मध्ये पुन्हा वळला, आणि तो चित्रपट अधिक मोठा आहे, हे निर्विवाद. तेथे मेलेली म्हणून जिच्यासाठी नायक वेडा झाला, ती रस्त्यात जिवंत दिसते. भासाचे ‘स्वप्नवासवदत्त’ ज्यांना परिचित आहे त्यांना उदयन आठवेल. आगीत जळाली असे ज्याला सांगितले गेले, ती वासवदत्ता त्याच्या शय्येपाशी येऊन त्याचा लोंबणारा हात उचलून ठेवते, आणि तो जागा होऊन धावतो तेव्हा विदूषक त्याला समजावतो, की महाराज, आपणांस स्वप्न पडले. सत्यालाच स्वप्न ठरविण्याची ही करामत पडद्यावर कोणाला साधलेली आम्ही तरी पाहिली नाही. २०१० सालच्या ख्रिस्तोफर नोलनच्या ‘इन्सेप्शन’मध्ये स्वप्नात स्वप्न, त्यात आणखी स्वप्न असे मजले चढविलेले आहेत, आणि तरुण मंडळी त्यावर तासन् तास वाद घालतात. पण त्या सगळ्या यंत्रामागेही पत्नीच्या मृत्यूचे ओझे वाहणारा एक नवराच आहे. मजले वाढले, तळघर तेच आहे.

शेवटच्या प्रसंगाविषयी बोलून थांबतो. बॅलन्टाइन तुरुंगात आहे, कारण एडवर्ड्सच्या प्रेतात गोळी सापडली. कॉन्स्टन्स रुग्णालयात परतते. मर्चिसन तिचे सांत्वन करताना सहज बोलून जातात, की एडवर्ड्सशी आपली थोडी ओळख होती. जिभेच्या या एका घसरणीवर सारे फिरते. चित्रपटभर पुरुष सहकारी या बाईला बर्फाची लादी म्हणून हिणवतात, गुरुजीही प्रेमात पडलेल्या बाईच्या बुद्धीवर टोमणे मारतात. आणि शेवटी नीट ऐकले ते एकट्या तिनेच. ती मर्चिसनच्या खोलीत जाऊन त्याच्यासमोर ते स्वप्न मांडते. तो निष्णात वैद्य आहे. त्याला अर्थ लावल्यावाचून राहवत नाही. अड्ड्याचा मालक कोण, ही जागा कोणाची, हे उलगडत उलगडत तो स्वतःपाशी येऊन पोहोचतो, आणि मेजाच्या खणातून पिस्तूल काढतो.

तेथून पुढे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या जागी आहे. पडद्यावर दिसते ते पिस्तूल धरलेला हात आणि शांतपणे बोलत दाराकडे जाणारी बाई. पिस्तूल आणि ती दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसावीत म्हणून हिचकॉकने भला मोठा खोटा हात बनवून घेतला होता. दार बंद होते. हात सावकाश वळतो, आणि नळी आपल्याकडे, प्रेक्षकांकडे, रोखली जाते. गोळी सुटते तेव्हा संपूर्ण कृष्णधवल चित्रपटात फक्त दोन चौकटींपुरता लाल रंग झळकतो. अनेक प्रतींमध्ये तो राहिलेला नाही. आज दाखविलेल्या प्रतीत तो होता. तिसऱ्या रांगेतील एका मुलाने ‘अरे, लाल!’ म्हटल्याचे आम्ही ऐकले. इतरांना तो दिसला नसेल, तर कार्यवाहांना विनंती करावी. एवढा तुकडा पुन्हा लावावयास दोन मिनिटेही लागणार नाहीत, आणि वडे तोपर्यंत गरमच राहतील.